मीठपाण्यावरच्या सहा

“मापं घेणाऱ्यानं आंधळं राहायचं. कुणाला औषध, कुणाला मीठपाणी, हे विचारायचं नाही,” प्रयोगशाळेच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. डॉक्टरबाईंनी महिनाभर ते पाळलं. टोचायचं काम मावशींचं, उंदरिणींच्या स्तनांतल्या गाठी मोजायचं बाईंचं.

आज कुणाला काय टोचलं त्या यादीचं पाकीट उघडलं आणि बाई खुर्चीत बसूनच राहिल्या.

“मावशी, औषधावरच्या सहाजणींच्या गाठी आटल्या.”

“बरं झालं की.”

“मीठपाण्यावरच्या सहाजणींच्याही आटल्या!”

“मग आणखीच बरं.”

“अहो, बरं कसलं? पाण्यानंच गाठ आटायला लागली, तर औषधाला कोण विचारणार?”

खिडकीपाशी बाईंची थोरली बहीण बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. तिची स्वतःची गाठ कुठल्याच जुन्या औषधाला दाद देत नव्हती. हे नवं औषध माणसांना द्यायचं की नाही, ते या आकड्यांवर ठरणार होतं. दिलंच, तर पहिलं नाव तिचं होतं.

“मी रोज येऊन त्यांच्याशी गप्पा मारते ना,” ती हसली. “त्याचा गुण आला असेल.”

“थट्टा नको गं, ताई. माझं डोकंच चालेनासं झालंय.”

बाईंनी वही पुन्हा चाळली. पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. दोन गाठी परत मोजल्या. सगळं जिथल्या तिथे. मग चुकतंय कुठे?

दुपारी औषधाला मंजुरी देणाऱ्या समितीचा फोन आला. आणखी बारा उंदरिणी, शेवटची संधी. पुन्हा हाच घोळ झाला तर फाइल बंद.

“या वेळी डोळ्यांत तेल घालून करा, मावशी. ताईचा जीव यात अडकलाय.”

“करते, बाई.”

सिरिंजा भरताना बाई खोलीत थांबत नसत. त्या गेल्या, दार लागलं. मावशी मात्र हात आखडून उभ्याच.

“ताई, आता तरी ऐका. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“माझ्या जिवाचं मी बघेन,” ताई पिंजऱ्यात बोट घालत म्हणाली. “यांतल्या एकीलाही नुसत्या पाण्यावर मरू देणार नाही, असा तुम्ही मला शब्द दिलाय.”

मावशींनी डोळे पुसले, मीठपाण्याची बाटली न उघडताच कपाटात ठेवून दिली आणि बाराच्या बारा सिरिंजा औषधानं भरायला घेतल्या.