अर्धं पाऊल

अकरा वर्षांत संघपाल बँकॉक, बैरूत अन् मनिलाच्या लीगमध्ये बास्केटबॉल खेळला. तिन्हीकडच्या कोचनी त्याला एकाच गोष्टीवरून झापलं: तीन गुणांच्या रेघेमागं अर्धं पाऊल जास्त का थांबतोस? त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पुढं सरकलं की नेम हुकायचा. शेवटी नवा करार काही मिळाला नाही अन् तो संभाजीनगरला परतला.

आज त्याला लहानपणी खेळ शिकवणाऱ्या कडुबा सरांसोबत तो आपल्या शाळेचं जुनं सिमेंटचं मैदान नव्यानं आखायला आला होता. त्यानं टेप लावली अन् तो थबकला. सरांनी मारलेली तीन गुणांची जुनी रेघ मापापेक्षा बरोबर अर्धं पाऊल मागं होती.

"टेप कुठली तवा? पावलं टाकून मोजली," सर म्हणाले. "माझी टांग जरा लांब. दुसऱ्याच वर्षी ध्यानात आलं."

"मग सांगितलं का नाय, सर?"

"तंवर तुझे बॉल तिथूनच जाळीत पडाया लागले होते."

ह्या अर्ध्या पावलानं आपल्याला परदेशात नेलं की परत आणलं, हे संघपालला काही उमगेना.

सरांनी रंगाचा डबा उघडला. "बोल संघ्या, ह्या पोरांसाठी रेघ कुठं मारू?"