साताऱ्याहून उघडणारं गेट

"उघडलं?" साताऱ्याच्या एसटीडी बूथवरून सुमंत ओरडला.

"नाही," विष्णुपंत म्हणाले.

"मोटरचा आवाज तरी?"

"मोटर ढिम्म. रंगूबाई बाहेर उभी राहून शिव्या घालतेय. ठेव फोन."

काठी टेकत, दुखरे गुडघे ओढत ते अंगण ओलांडून गेले आणि हाताने अडसर काढून कामवालीला आत घेतलं.

नुसता वैताग! पूर्वी पोरगा गणपती-दिवाळीलाच सांगलीला यायचा. आता दर शनिवारी एसटीतून हजर. पिशवीत वायरी, सोल्डरिंगचं सामान. गेटला ट्रकच्या वायपरची मोटर, टेलिफोनशेजारी खोकं. त्याने साताऱ्याहून फोन करायचा, इथे रिंग वाजली की अडसर सरकायचा. आण्णांना उठायला नको. रिंग वाजायची. बस्स, तेवढंच.

ह्या शनिवारीही सुमंत आला. रविवारभर खोकं उघडून बसला. चहाच्या बशीत स्क्रू, जेवणाच्या टेबलावर धूर.

"आवं, पलंगापाशी येक बटण लावा की," रंगूबाई म्हणाली. "दाबलं की उघाडलं. मधी फोन कशाला?"

बापलेकांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं.

"तू भांडी घास," विष्णुपंत म्हणाले.

दुपारी कोरेगावच्या आत्याचा फोन आला. खाड्! गेट उघडलं. शेजारची शेळी आत शिरली आणि जास्वंद फस्त करून गेली.

"बघा, चालतंय!"

"तू असलास की चालतं. तुझी पाठ फिरली की संपलं."

"आण्णा, उद्या नाही उघडलं तर मिरजेहून मेकॅनिक आणतो. एका दिवसात कायमचं करून जाईल."

"परका माणूस घरात नको."

"मग उद्या उघडू दे."

"मला काय सांगतोस? त्या खोक्याला सांग."

सुमंतने खोकं पुन्हा पुढ्यात ओढलं.

सोमवारी पहाटे त्याने स्वतःच खोक्याचं झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि पाया पडून निघाला. रिक्षाचा आवाज वळणावर विरला.

विष्णुपंतांनी उशीखालचा स्क्रू ड्रायव्हर काढला. दर सोमवारसारखं झाकण उघडलं आणि हिरवी वायर उपटायला आत बोटं घातली.

वायर आधीच सोडवलेली होती, टोकाला काळी टेप नीट गुंडाळून.