विरजण

प्रयोगशाळेत शुभदानं आईच्या जिवंत पेशी पडद्यावर आणल्या. त्यांत हिरव्या दोऱ्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. बरेच दोरे तुटलेले.

“हे पेशीला ताकद पुरवतात. तुझ्या मधुमेहानं, वयानं थकलेत,” शुभदा म्हणाली. “फक्त आईकडूनच मिळतात हे. मला तुझ्याकडून, तुला आजीकडून.”

“म्हणजे विरजणच की! कालचं दही आजच्या दुधाला लावायचं.” आई हसली आणि हसताहसताच पुन्हा पडद्याकडे वळली.

तिला जन्म देतानाच तिची आई गेली होती. मागे साधा फोटोही नव्हता.

तिनं चपला काढल्या. पडद्याजवळ जाऊन त्या हलत्या दोऱ्यांवर अलगद हात ठेवला. हजारदा पाहिलेल्या त्या दोऱ्यांकडे शुभदा श्वास रोखून बघत राहिली.

“आई गं,” सत्तरीतली लेक पडद्याला म्हणाली, “माझ्यासाठी अजून राबतेयस?”