नऊ नंबरचं यंत्र

"वाईट झालं," साहेब म्हणाले. मग दोन सेकंद थांबून, "तेवढं मागच्या मंगळवारचं रेकॉर्डिंग परत बघून घ्या. वाफेची विहीर कुठे खणायची ते त्या भेगेवर ठरणार आहे."

त्याने स्क्रीनवर मंगळवार उघडला. रजा संपवून तो आजच कामावर आला होता. वडील त्याच मंगळवारी गेले. दुपारी दोनला शेजारणीने दार ढकललं तेव्हा ते जमिनीवर पडलेले होते. जागच्या जागी गेले, काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. धाकटी बहीण हे वाक्य रोज फोनवर त्याच्याकडून वदवून घ्यायची, मगच दोन घास खायची.

काम तसं सरळ होतं. खोल तापलेल्या खडकात पाणी दाबायचं. खडक कुरकुरला की जमिनीत पुरलेली सोळा यंत्रं थरथर टिपतात, आणि भेग कुठे आहे ते कळतं. मधे माणसं फार कडमडतात. त्यांचे हादरे ओळखून खोडायचे, याचाच त्याला पगार होता. नऊ नंबरचं यंत्र वडिलांच्या घराच्या मागच्या भिंतीलगत होतं. दुसरं कुणी जागा देईना. त्यामुळे सकाळी सात वाजता पाण्याची मोटार, आठ वाजता फाटक, सगळं त्याला स्क्रीनवर दिसायचं. लोक वडिलांना फोन करतात. त्याला कधी गरजच पडली नाही.

अकरा वाजून बारा मिनिटांनी नऊ नंबरवर एक मोठा धक्का होता. बाकीची पंधरा यंत्रं गप्प. मग बारीक ठोके. तीन ठोके, थांबा. तीन ठोके, थांबा. खडक असा मोजून ठोकत नाही. ठोके लहान लहान होत गेले. एकच्या सुमारास संपले.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "हे काय? भेग?"

"नाही. माणूस."

"मग खोडा की, महाराज! भलतीकडे विहीर खणून बसू."

"खोडलंय. मीच." त्याने शेऱ्यावर बोट ठेवलं. 'मानवी गोंगाट. दुर्लक्ष करावे.' पुढे त्याची आद्याक्षरं.

"शाब्बास! याला म्हणतात नजर. कधी खोडलंत?"

"त्याच दिवशी, साहेब. साडेअकराला. चालू असतानाच."