हेक्टरची टोपी

“हा नुसता दगड नाही, हा आपला कणा आहे! वादळं आली, साम्राज्यं बुडाली, पण हा दगड आणि मी, आम्ही दोघं तसूभर हललो नाही!” स्मारकाच्या दगडाजवळ उभे राहून गावचे चेअरमन एग्बर्ट गरजले.

“चेअरमन, डाव्या बुटाखाली तांबड्या मुंग्या आहेत,” मागून इस्मेआंटी म्हणाली.

चेअरमन तसूभरापेक्षा बरेच हलले. गाव पोट धरून हसलं. नाचतानाही त्यांनी एका हाताने डोक्यावरची टोपी मात्र सांभाळली. ती हेक्टरची टोपी होती. कापड चार वेळा बदललं होतं, चंदेरी किनार तीच होती. अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या मळ्यावरच्या गुलामांनी बंडाचा कट केला, तेव्हा चेअरमनच्या या पूर्वजाने ती डच मालकाच्या डोक्यावरून हिसकावली, हे बर्बीस नदीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं.

बंड पेटायच्या आतच फुटलं होतं. ते कोणी फोडलं, हेही काठांना ठाऊक होतं. क्वाबेनाने. इस्मेआंटीच्या पूर्वजाने. म्हणून दरवर्षी बंडाच्या स्मरणाच्या दिवशी या दगडाभोवती खराटा मारायचा तो तिच्या घराण्याने. बाकीची घराणी एकेक करून पुढे येत, दोन्ही हातांनी करवंटी धरून मातीत रम ओतत, आपल्या पूर्वजाचं नाव घेत, आणि सगळं गाव ओरडे, “हजर!” क्वाबेनाचं नाव कधी कोणी घेतलं नव्हतं.

“मला एकाहत्तरावं लागलंय, चेअरमन. यंदा तरी थेंबभर ओतू द्या. एकदा त्याचं नाव घेते आणि मरते.”

“आंटी, रम पितरांसाठी असते. चहाडखोरांसाठी खराटा. झाड तू.”

आंटी झाडू लागली.

मग मिस वेव्हनी उठली. त्या बंडावर डचांनी चालवलेल्या खटल्याचे कागद तिने शोधून काढले होते. चेअरमननीच पत्रावर पत्रं लिहून तिला राजधानीतून बोलावलं होतं. दिवसभर लाँच, मग होडी, मग गुडघाभर चिखल. धक्क्यावर उतरताच ती त्यांना हळूच म्हणाली होती, “तुम्ही आधी एकदा एकटे वाचून घ्या.”

“एकटा? अहो बाई, शौर्य काय एकट्याने वाचायचं असतं? भर सभेत वाचा! आणि हेक्टरचं नाव आलं की जरा थांबा. टाळ्या पडतील.”

वेव्हनीने कागद उघडला.

“गुलाम क्वाबेना. पहाटेपासून मंद आचेवर जाळला. साथीदारांची नावं विचारली. दुपारी पुन्हा विचारली. संध्याकाळी पुन्हा विचारली. एकही सांगितलं नाही. अंधार पडल्यावर मेला.”

खराट्याचा आवाज थांबला.

“गुलाम हेक्टर.” वेव्हनी थांबली. सांगितल्याप्रमाणे थांबली. मागच्या रांगेत दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. “आदल्या रात्री मालकाला कटाची खबर दिल्याबद्दल स्वातंत्र्य. शिवाय बक्षीस, चंदेरी किनारीची टोपी एक.”

गावाने कागदाकडे पाहिलं नाही. दगडाकडेही पाहिलं नाही. सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहिलं. चेअरमननी टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती पाठीमागे धरली, पण पाठीमागेही माणसं उभी होती.

इस्मेआंटी दुखऱ्या गुडघ्यांनी पुढे आली. तिला कोणी अडवलं नाही. रमची करवंटी भरलेली होती, पण ती दोन्ही हातांनी उचलायची असते. खराटा दगडाला टेकवणं तिला बरं वाटेना. तिने इकडे तिकडे पाहिलं.

“चेअरमन,” ती म्हणाली, “हा जरा धरता का?”