मानाचा पट्टा

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या पुरुषोत्तमकाकांनी पंचाहत्तरीला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या वेशभूषेचा 'राज बॉल', म्हणजे नाचाची पार्टी, ठेवला. ज्यांच्या खापरपणज्यांची कंबर गोऱ्यांना मुजरे करण्यात मोडली, ती सगळी मंडळी आज लाटसाहेब आणि मडमा होऊन हॉलभर मिरवत होती. साध्या कुडत्यातली त्यांची पुतणी गिरिजा ते नाक मुरडून बघत होती.

काकांच्या छातीवर तिरका लाल पट्टा होता आणि त्यावर पितळी बिल्ला. "पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. खास गव्हर्नरच्या अंगावरचा! गिरिजा, तू हिस्टरीत पीएचडी करतेस, तुला मोडी लिपी येते ना? यावर काय कोरलंय ते सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखव."

गिरिजा बिल्ल्यावरची अक्षरं लावत होती, तेवढ्यात काकांचे जुने अमेरिकन बॉस आले. काका धावले. दार उघडून धरलं, साहेबांचा कोट स्वतःच्या हातावर घेतला आणि "येस सर, येस सर" करत अदबीने बाजूला उभे राहिले.

"लागलं का गं वाचायला?" गाऊन सावरत संध्याकाकूंनी विचारलं.



"हो काकू. 'कलेक्टर कचेरी, पट्टेवाला नंबर चौदा.'"