राहून गेलेली सहल

“मेल्यावर तरी न्याल ना मला डोंगरातल्या त्या तळ्याकाठी?” आई हसत टोमणा मारायची. बाबांचं उत्तर ठरलेलं, “अगं, कामातून डोकं वर काढायला सवड कुठंय?”

आई गेल्यावर मात्र बाबांनी आपणहून तिथलं कॉटेज बुक केलं आणि लेकीला सोबत घेतलं. खोली जोडप्यांसाठीचीच, पलंगावर टॉवेलांचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसलेले. लेकीनं ते बाजूला सारले, एका उशीवर आईचा फोटो ठेवला आणि स्वतःचं अंथरूण बाहेरच्या सोफ्यावर टाकलं.

बाबा गॅलरीत पाठमोरे उभे होते. “पहिल्यांदा इथं आलो, तेही तिच्याशिवाय,” त्यांचा आवाज भरून आला. लेकीच्या मनातली इतक्या वर्षांची अढी सुटली. बाबांना आंघोळीला कढत पाणी लागतं, म्हणून ती गिझरचं बटण शोधू लागली. भिंती चाचपल्या, दारामागे पाहिलं.

“बाबा, बटण कुठे सापडतच नाहीये!”

“कपाटामागे हात घाल,” तळ्यावरची नजर न काढता बाबा म्हणाले. “आणि जोरात दाब, अडकतं ते.”

बटण खरंच अडकत होतं.

लेकीनं उशीवरचा फोटो उचलला आणि बॅगेत, कपड्यांच्या तळाशी पालथा ठेवला.